दंडांची चरबी, लोंबणारे हात आणि घरच्या घरी व्यायाम

रानजाई | ३ जून, सकाळी ११.२०

मंडळी, वय ४७, उंची पाच फूट दोन इंच, वजन ६६ किलो. पोट-कंबरेचं जे व्हायचं ते झालंच आहे, पण सगळ्यात जास्त खटकतात ते दंड. दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर केला की मागचा भाग लोंबतो, हलतो. ब्लाऊजच्या बाह्यांची शिलाईतली माया केव्हाच सोडवून झाली, आता नवीनच शिवायला हवेत.

घराजवळच्या एका जिममध्ये काही महिने जाऊन आले. तिथल्या मुलाने एक-एक किलोची डंबेल्स हातात दिली आणि वाकून हात मागे ताणायचा तो किकबॅक नावाचा प्रकार करायला लावला, रोज, शंभराच्या पटीत. "ताई, दंड वितळतील" म्हणाला. खांदा दुखायला लागला, घेर तेवढाच. आता जिम नको आहे. घरी काय करता येईल? वजन किती घ्यावं? जड उचललं तर दंड पुरुषांसारखे होतील का? आणि खाण्यात काय बदलू? अनुभवी लोकांनी जरा सविस्तर लिहा.

सुपारीचं_पान | ३ जून, दुपारी १२.०५

माझाही अगदी हाच प्रश्न. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

वेलदोडा | ३ जून, दुपारी १.३०

तिळाच्या तेलाने रोज खालून वर मालिश करा आणि वर प्लास्टिक गुंडाळून चाला. माझ्या वहिनीला पंधरा दिवसांत फरक दिसला.

हिरवा_चाफा | ३ जून, रात्री ९.४५

रानजाई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे खांदेदुखीसाठी येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी शेवटी दबक्या आवाजात हाच प्रश्न विचारतात, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी वेलदोडा यांच्या मुद्द्याबद्दल. मालिश जरूर करा, बरं वाटतं, त्वचा मऊ राहते. पण चोळून चरबी जात नाही. प्लास्टिक गुंडाळल्याने घाम येतो आणि त्या जागी पाणी थोडं कमी होतं. जेवून-पाणी पिऊन झालं की ते परत भरतं. पंधरा दिवसांत दिसलेला फरक बहुतेक तोच असणार.

आता तुमच्या जिममधल्या मुलाचं "वितळतील". दंडाचा व्यायाम केल्याने दंडाचीच चरबी जात नाही. शरीराला इंधन लागलं की संप्रेरकं रक्तातून सगळीकडे निरोप देतात, ठिकठिकाणच्या चरबीच्या पेशी आपल्यातली चरबी रक्तात सोडतात आणि काम करणारा स्नायू ती रक्तातून उचलतो. शेजारच्या पेशीतूनच उचलायची अशी सोय त्याला नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी स्वयंपाकघराचा नळ सोडला म्हणून फक्त स्वयंपाकघराच्या बाजूने खाली जात नाही, तसंच. १९७१ साली अमेरिकेत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजून पाहिले होते. वर्षानुवर्षं एकाच हाताने रॅकेट फिरवणारी माणसं ती. खेळण्याच्या हाताचा घेर जास्त होता, कारण स्नायू मोठा होता. त्वचेखालच्या चरबीचा थर मात्र दोन्ही हातांना सारखाच निघाला. हजारो फटके मारूनही त्या हाताची चरबी वेगळी उतरली नाही, मग एक किलोच्या डंबेलची काय कथा.

चरबी कुठून आधी जाणार हे आनुवंशिकता आणि संप्रेरकं ठरवतात. बायकांमध्ये ती मांड्या, नितंब आणि दंडांच्या मागच्या बाजूला साठते आणि अनेकींच्या बाबतीत तिथून उशिरा हलते. चेहरा आधी उतरतो, दंड मागे राहतात. त्यामुळे दोन महिन्यांत धीर सोडायचा नाही.

मग दंडाचा व्यायाम कशाला करायचा? कारण तिथला स्नायू वाढवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. दंडाच्या मागच्या बाजूला ट्रायसेप्स असतो, तीन मुळांचा. दंडातल्या एकूण स्नायूंपैकी निम्म्याहून जास्त भाग एकट्या त्याचा आहे. समोरचा बायसेप्स दिसतो म्हणून लोक त्याच्या मागे लागतात, पण लोंबणं ज्या बाजूला आहे तिथे ट्रायसेप्स आहे. चाळिशीनंतर, आणि पाळी जाण्याच्या सुमारास तर जास्तच, स्नायू हळूहळू कमी होत जातात. आतला स्नायू बारीक, वर चरबीचा थर आणि त्वचाही सैल, म्हणून ते लोंबतं. लोक ज्याला 'टोन्ड' म्हणतात त्यात आत भरलेला स्नायू आणि वर कमी चरबी एवढंच असतं, तिसरं काही नसतं.

पुरुषांसारखे दंड होण्याची भीती काढून टाका. बायकांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फारच थोडं असतं. शरीरसौष्ठव स्पर्धेतल्या मुली तशा दिसायला वर्षानुवर्षं जिवाचं रान करतात. तुम्हा-आम्हाला ते चुकून होणार नाही.

व्यायाम कोणते, ते उद्या लिहिते. आज उशीर झालाय.

तालीमवाला | ४ जून, सकाळी ६.५०

हिरवा चाफा ताई, पटलं. आमच्या कोल्हापुरात तालमीत वाढलेल्या माणसाला एक सांगावंसं वाटतं. जुने वस्ताद पोरांना आधी मुद्गल, म्हणजे मुठीचे जड लाकडी सोटे, फिरवायला लावायचे. मुद्गल डोक्यामागून पाठीवर सोडून परत वर आणताना दंडाची मागची बाजू अशी काही ताणली जाते की दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जात नाही. हलके, दोन-अडीच किलोचे मुद्गल मिळतात, बायकांनीही जरूर फिरवावेत. फक्त पहिल्यांदा कोणा जाणत्या माणसासमोर, आणि डोक्यावर पंखा नसलेल्या खोलीत.

हिरवा_चाफा | ४ जून, रात्री ८.३०

तालीमवाला, तुमच्या वस्तादांचं बरोबर होतं. ट्रायसेप्सचं लांब मूळ खांद्याच्या पात्यापासून निघतं, म्हणजे ते कोपर आणि खांदा असे दोन्ही सांधे ओलांडतं. हात डोक्यावर नेऊन कोपर दुमडलं की ते पूर्ण ताणलं जातं, आणि ताणलेल्या अवस्थेत काम दिलेला स्नायू चांगला वाढतो असं अलीकडच्या अभ्यासांतही दिसलं आहे.

रानजाई, तुमच्यासाठी पहिला व्यायाम पुश-अपच, पण जमिनीवर नाही. भिंतीपासून सुरू करा. भिंतीवर पंधरा सहज व्हायला लागले की स्वयंपाकघराच्या ओट्यावर. हे नीट सांगते, कारण ओट्यावर चुका फार होतात. ओटा कोरडा पुसून घ्या. ग्रॅनाइटची धार तळव्याला रुतते, तिथे नॅपकिनची घडी घालू नका, सरकते. तळवा धारेपासून बोटभर आत ठेवा. हात खांद्याएवढ्याच अंतरावर, त्याहून रुंद नाही, म्हणजे ट्रायसेप्सवर जास्त भार येतो. पाय मागे नेऊन टाचेपासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत. खाली जाताना मनात एक-दोन-तीन म्हणत जा, छाती ओट्याच्या कडेला टेकत आली पाहिजे. कोपरं बाजूला पंखांसारखी फाकू देऊ नका, ती मागे, बरगड्यांच्या दिशेने जाऊ द्या. कंबर खाली लोंबली किंवा मान पुढे आली की तिथेच थांबा, तो आकडा मोजायचा नाही. ओट्यावर जमलं की दिवाणाच्या कडेवर, मग जमिनीवर. जमिनीपर्यंत पोचायला काहींना वर्ष लागतं, लागू दे.

दुसरा व्यायाम डोक्यामागचा. खुर्चीत ताठ बसा. एक डंबेल दोन्ही हातांनी धरून डोक्यावर न्या, कोपरं छताकडे, कानांजवळ. हळूहळू डोक्यामागे सोडा, परत वर. डंबेल नसेल तर मजबूत कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ घालून पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरा. पाठीला कमान येत असेल तर वजन जास्त झालंय.

फक्त ट्रायसेप्स करून खांदा पुढे ओढला जातो, म्हणून तिसरा ओढण्याचा प्रकार हवाच. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवा आणि कोपरं मागे नेत पोटाकडे ओढा, खांद्याची पाती एकमेकांकडे आणत. आणि चौथा म्हणजे उठाबशा, खुर्चीवर बसून उठणं चालेल. दंडांच्या धाग्यात उठाबशा कुठून आल्या असं वाटेल, पण एकूण चरबी कमी करायची तर शरीरातले मोठे स्नायू कामाला लावायला हवेत.

आता वजन किती घ्यायचं. आठ ते पंधरा वेळा करून शेवटचे दोन-तीन खरोखर जड गेले पाहिजेत. वीस करूनही गप्पा मारता येत असतील तर ते वजन तुमच्यासाठी संपलं, वाढवा. त्या एक किलोच्या डंबेलचं नेमकं हेच झालं होतं: स्नायूला वाढण्याचं कारणच मिळालं नाही, खांद्याला मात्र शेकड्याने हेलपाटे. प्रत्येक व्यायामाचे दोन-तीन संच, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. रोज नको. बाकीचे दिवस चाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम असंच आहे.

खुर्चीच्या कडेवर हात मागे टेकून खाली जायचे डिप्स समाजमाध्यमांवर फार फिरतात. तुमचा खांदा दुखून गेलाय, ते तुम्ही करू नका. खोल गेलं की खांद्याच्या पुढच्या भागावर वाईट ताण येतो.

सुपारीचं_पान | ४ जून, रात्री ९.१०

मी रोज बारा सूर्यनमस्कार घालते. ते पुरणार नाहीत का?

तालीमवाला | ४ जून, रात्री १०.००

सूर्यनमस्कार उत्तमच. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले, त्या मातीतली माणसं आहोत आपण. पण साष्टांग नमस्काराला बहुतेक जण धपकन जमिनीवर पडतात. तिथे दोन्ही हातांवर भार घेऊन, कोपरं अंगालगत ठेवून सावकाश खाली जा. बारा सूर्यनमस्कार वेगळेच वाटतील.

मेथीदाणा | ५ जून, दुपारी ३.१५

खाण्याबद्दल मी लिहिते. मी आहारतज्ज्ञ आहे, पण स्वयंपाकही रोज मीच करते, त्यामुळे पुस्तकातलं सांगत नाही.

रानजाई, तुमच्या उंची-वजनावरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २६.६ येतो. भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, तेव्हा थोडं वजन उतरवायलाच हवं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज चारशेची तूट ठेवली तर हिशेबाने महिन्याला दीड किलोच्या आसपास. याहून घाईने उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि दंड आणखी सैल दिसतात. रात्रीचं जेवण बंद, नुसता भोपळ्याचा रस, असले प्रकार म्हणूनच नकोत.

तूट कुठून काढायची? तेलाच्या डब्यातून सुरुवात करा. घरात चार माणसं आणि महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज अंदाजे ३८ ग्रॅम तेल होतं, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी. चार लिटरवर आणलं की माणशी सत्तर कॅलरी आपोआप गेल्या आणि भाजीच्या चवीत कोणाला फरकही कळत नाही. चार वाजताचा चिवडा, चहातली साखर आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी ही पुढची ठिकाणं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात तूप आणि दाण्याचं कूट. उपास सोडायला मी सांगणार नाही, श्रद्धेचा भाग आहे. पण त्या दिवशी राजगिरा, ताक, दही, एखादं फळ यांवर भागवता येतं.

आणि प्रथिनं! आपल्याकडे पातळ वरणाला प्रथिनं समजतात. पोहे, तीन पोळ्या, वाटीभर पातळ वरण, भाजी, भात असा दिवस मोजला तर तीस-पस्तीस ग्रॅमच्या पुढे क्वचित जातो. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ५५ ग्रॅम. व्यायाम करत वजन उतरवताना स्नायू राखायचे तर किलोमागे १.२ तरी धरा, म्हणजे ऐंशीच्या आसपास. कसे गाठायचे? सकाळी दोन अंडी, बारा ग्रॅम. अंडी खात नसाल तर मूगडाळीची धिरडी आणि वर पनीर किसून. दुपारी वरणाऐवजी घट्ट आमटी किंवा मटकीची मोठी वाटीभर उसळ, जोडीला दही. सोयाबीनच्या वड्या कोरड्या तीस ग्रॅम घेतल्या तरी पंधरा ग्रॅम प्रथिनं मिळतात, खिम्यासारख्या परतल्या तर मुलंही खातात. मासे खाणाऱ्यांनी बांगडा तव्यावर कमी तेलात भाजावा, रव्यात तळू नये. शेंगदाणे चांगले, पण मूठभरच. शंभर ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं असली तरी साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

पाणवठा | ५ जून, सायंकाळी ६.४०

माझं वजन ५१ किलो, उंचीला अगदी योग्य. तरी दंड सैल आहेत. मला "तुला काय कमी करायचंय" म्हणून कोणी उत्तरच देत नाही.

मेथीदाणा | ५ जून, रात्री ८.००

पाणवठा, तुमचा प्रश्न फार खरा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याला 'थिन-फॅट' म्हटलं आहे, म्हणजे दिसायला बारीक पण अंगात चरबी जास्त. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला हे दिसत नाही. तुम्ही खाणं कमी करू नका. प्रथिनं वाढवा आणि हिरवा चाफा यांनी सांगितलेले व्यायाम तसेच्या तसे करा. वजन आहे तिथेच राहील, दंड बदलतील. आणि एकदा साखर तपासून घ्या, सडपातळ आहोत म्हणून मधुमेह होणार नाही असं आपल्या लोकांत नसतं.

घाटमाथा | ६ जून, सकाळी ८.२५

कोणाला दुखवायचं नाही, पण पन्नाशीकडे झुकल्यावर दंड कसे दिसतात याचा एवढा विचार कशाला? आमच्या आया-आज्या असल्याच दंडांनी जात्यावर दळत होत्या.

रानजाई | ६ जून, सकाळी १०.१०

घाटमाथा, दळत होत्या म्हणूनच त्यांच्या दंडांत ताकद होती. मला नीट दिसायचंही आहे, त्यात मला काही गैर वाटत नाही. पण त्याहून जास्त म्हणजे, माळ्यावरचा डबा मी आता मुलाला काढायला सांगते. लोकलमध्ये वरची कडी धरून डोंबिवली ते दादर उभं राहिलं की हात भरून येतो. पुढची तीस वर्षं हेच हात वापरायचे आहेत.

हिरवा_चाफा | ६ जून, दुपारी २.००

रानजाई, अगदी. पडल्यावर जमिनीवरून उठायला, खुर्चीच्या हातावर जोर देऊन उभं राहायला ट्रायसेप्सच लागतो. माझ्याकडे सत्तरीच्या बायका येतात, ज्यांना शौचालयातून उठताना आधार लागतो. त्यांतल्या कितीतरी जणींच्या पायांइतकेच हातही निकामी झालेले असतात. हे आज पन्नाशीत टाळता येतं, म्हणून मी इतक्या पोटतिडकीने लिहितेय.

उत्तररात्र | ७ जून, पहाटे ५.३०

न्यू जर्सीहून लिहितेय. वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांवर तीस किलो उतरलं. साखर आटोक्यात आली, गुडघे सुटले. पण दंडांची नुसती कातडी राहिली आहे, पिशवीसारखी. व्यायामाने ती आत जाईल का?

हिरवा_चाफा | ७ जून, सकाळी ९.५०

आधी अभिनंदन, हे सोपं नव्हतं. हात सैल सोडून मागची बाजू चिमटीत धरून बघा. चिमटीत जाड, मऊ थर येत असेल तर अजून चरबी आहे. हाताच्या पाठीवरच्या कातडीसारखी पातळ घडी येत असेल तर ती सैल त्वचा आहे, आणि ती व्यायामाने आकसत नाही. स्नायू भरला की थोडी जागा भरते, वजन स्थिर राहिल्यावर सुरुवातीच्या काळात त्वचाही काही प्रमाणात आवळते. वय आणि धूम्रपान यांवरही ते अवलंबून असतं. क्रीमने होणार नाही. उरलेल्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय. तिचा व्रण काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला राहतो, हे आधी नीट समजून घ्या, आणि वजन किमान सहा महिने एका जागी राहिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. इंजेक्शनांवर भूक मरते, त्यात प्रथिनं आधी सुटतात आणि स्नायू उतरतात. ताटात पहिला घास प्रथिनांचा घ्या.

शेवंती_फुलं | ७ जून, रात्री ९.२०

थोडा वेगळा प्रश्न. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही काढल्या. तो हात दुसऱ्यापेक्षा जाड आहे. त्या हाताने काही उचलू नका असं सगळे सांगतात. मग मी काहीच करायचं नाही का?

हिरवा_चाफा | ८ जून, सकाळी ७.४०

शेवंती, तुमच्या हातातली सूज चरबीची नाही, लसिकेची, म्हणजे काखेतल्या गाठी काढल्यावर नीट वाहून न गेलेल्या द्रवाची असण्याची शक्यता जास्त आहे. आधी तुमच्या डॉक्टरांना आणि लिम्फेडीमाचं (याच सुजेचं) काम येणाऱ्या फिजिओला हात दाखवा, ते गरजेनुसार दाबाची बाही मापाने देतील. वजन उचलायचंच नाही हा जुना सल्ला आहे. २००९ मध्ये अशाच स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, देखरेखीखाली अगदी थोड्या वजनापासून सुरू करून हळूहळू वाढवलं तर सूज वाढली नाही, उलट सूज उफाळण्याचे प्रसंग कमी झाले. तेव्हा नक्की करा, पण एकटीने यूट्यूब बघून नाही. त्या हाताला कापणं-भाजणं जपा, आणि लाली, ताप, अचानक वाढलेली सूज दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

बाकीच्यांनीही लक्षात ठेवा: एकच दंड जाड होत असेल तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर. आणि दोन्ही दंड भरलेले, दाबल्यावर दुखतात, सहज काळे-निळे डाग पडतात, मनगटापाशी जाडी एकदम थांबते आणि कितीही वजन उतरवलं तरी तिथे फरक नाही, असं असेल तर लिपेडीमा नावाचा विकार असू शकतो. अशा बायकांना वर्षानुवर्षं "कमी खा" एवढंच ऐकावं लागतं, ते फार अन्यायाचं आहे.

सुपारीचं_पान | ८ जून, सकाळी ११.३०

टेप कुठे धरून मोजायचं? मी रोज मोजतेय, रोज वेगळं येतं.

हिरवा_चाफा | ८ जून, रात्री ८.१५

रोज नको, महिन्यातून एकदा. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा. हात सैल लोंबता, टेप कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही. दोन्ही हात, सकाळी, व्यायामाच्या आधी. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात घेर हललाच नाही तरी घाबरू नका, त्या काळात वाढलेली ताकद मुख्यतः मज्जासंस्था शिकल्यामुळे असते. पुढे स्नायू वाढतो आणि चरबी उतरते, दोन्ही एकदम चालू असल्यावर टेप तेवढीच राहू शकते. म्हणून जोडीला मागच्या बाजूच्या चिमटीत येणारी जाडी आणि ओट्यावरचे पुश-अप किती झाले, हे लिहून ठेवा. डोळ्यांना दिसणारा फरक यायला साधारण तीन महिने धरा.

रानजाई | ८ जून, रात्री ९.००

रबरी पट्टा कुठल्या ताकदीचा घेऊ? दुकानात पाच रंगांचे आहेत आणि विकणाऱ्यालाही माहीत नाही.

हिरवा_चाफा | ८ जून, रात्री ९.२५

रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. दुकानातच पट्ट्याच्या मध्यावर पाय ठेवून दोन्ही टोकं कमरेपर्यंत ओढून बघा. बारा-पंधरा वेळा जेमतेम जमेल असा एक, आणि त्याच्या वरचा एक, असे दोन घ्या. कडेला चीर पडली की लगेच बदला, तुटून डोळ्याला लागतो.